समोरासमोरचे रंग

आमच्या शाळेत एक माणूस असा होता, की त्याला ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हटलं की तो खट्टू व्हायचा. आता पुढे बोलायचं काय, असा चेहरा करून उठायचा आणि वर्गाकडे चालू लागायचा. ‘तुमचं साफ चुकलं’ म्हणा, की गडी खुलला. मग खुर्ची पुढे ओढणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, “हां, आता सांगा. काऊन चुकलं?” आणि आपण सांगत असताना इतकं मन लावून ऐकणार, की सांगणाऱ्यालाच आपल्या म्हणण्याची शंका यायला लागावी.

ते चित्रकलेचे शिक्षक होते आणि मी मुख्याध्यापक. तिरोड्याहून बोदलकशाच्या तलावाकडे रस्ता जातो, त्या बाजूच्या एका गावात आमची शाळा. पोरं धानवाल्यांची, तलावात जाळी टाकणाऱ्यांची, मजुरी करणाऱ्यांची. सगळे त्यांना ड्रॉइंगचे सर म्हणत आणि मला हेडसर. आमचं दोघांचं एकाही गोष्टीवर जमत नसे. मी नियमाचा माणूस. घंटा वेळेवर झाली नाही तर मला जेवण पचत नाही. माझ्या सेवापुस्तकात एकतीस वर्षांत एकही वाकडा शेरा नव्हता आणि त्याचा मला एवढा तोरा होता, की बायको म्हणायची, आता त्या पुस्तकालाच हार घाला. सरांच्या टाचणवहीत मात्र टाचण सोडून सगळं सापडायचं. मुंग्यांची रांग, चपराशाचं घोरतं नाक, आणि एकदा तर आख्खं पान भरून माझी सही, बावीस वेगवेगळ्या वळणांत. मी जाब विचारला तर म्हणाले, “पाहून राहिलो होतो, तुम्ही रागात सही केली तर कशी कराल.”

त्यांच्या तासाला खोडरबर आणायची बंदी होती. “चुकलं ना? राहू दे. आता त्या चुकीचं काय करतेस ते दाखव.” त्यामुळे आमच्या शाळेच्या चित्रप्रदर्शनात पाच पायांचे हत्ती असत आणि पाचव्या पायाला पेरू लागलेले असत. डब्यातल्या भातावर ते कधी कधी चहा ओतायचे. मी पाहिलं आणि माझा डबा झाकून ठेवला. ते शांतपणे घास चावत म्हणाले, “हे दोघं भांडतात का ते पाहतो.”

“मग? भांडले?”

“खूप. पण तिसरीच चव आली.”

मी घरी गुपचूप करून पाहिलं. कुठलीही तिसरी चव आली नाही. ताट मागच्या दारी कोंबड्यांपुढे ओतलं, त्यांनीही तोंड फिरवलं.

पोरांची मारामारी झाली की मी दोघांना उन्हात उभं करायचो. सर दोघांना समोरासमोर बसवायचे आणि प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडायची, असा हुकूम काढायचे. समोरचा ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत सुटका नाही. एकदा एका पोट्ट्याने दुसऱ्याची बाजू इतकी चांगली मांडली, की तो दुसरा आपल्यावर केवढा अन्याय झाला हे ऐकून रडायलाच लागला. मला हे थेर वाटायचे. आज सांगायला हरकत नाही, मला थोडा हेवाही वाटायचा. माझ्या शिक्षेने पोरं गप्प बसत आणि त्यांच्या शिक्षेने बोलायला लागत.

सरांना पुढे पत्त्यांचं वेड लागलं, ते कुठून आलं ते सांगतो. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर आठवीतल्या एका पोराने गोंदियाच्या मावसभावाकडून परदेशी खेळाचे पत्ते आणले. राजा-राणीचे नव्हेत. त्यावर राक्षस, पऱ्या, उडणारे साप, आणि मजकूर सगळा इंग्रजीत. सरांनी ते पाहिले, डिक्शनरी घेऊन वाचले आणि आठवडाभर ते कोणाशी वाद घालायलाही आले नाहीत. त्यांना राक्षसांचं काही वाटलं नाही. ते अडकले एका गोष्टीवर. त्या खेळात प्रत्येक रंगाला स्वतःचा एक विचार होता.

मग त्यांनी आपला खेळ करायला घेतला. पुठ्ठा कुठून आणायचा? आमच्याकडे लग्नाचा हंगाम संपला की घराघरात पत्रिकांचे गठ्ठे पडून असतात. फेकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. सरांनी पोरांना सांगितलं, घेऊन या. वरचं देवाचं किंवा बुद्धाचं चित्र ते जपून कापून एका पिशवीत वेगळं ठेवत आणि जिथली पत्रिका तिथे परत पाठवत. उरलेले कोरे भाग पाठीला पाठ लावून भाताच्या खळीने चिकटवत, नखं कापायच्या कात्रीने कोपरे गोल करत आणि मग रंगवत. तीन वर्षांत तीनशेच्या वर पत्ते झाले. मागून पाहिलं तर एखाद्या पत्त्यावर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ अशी अर्धी ओळ राहून गेलेली असे.

खेळ असा. रंग पाच. सर त्याला विचारसरणी वगैरे म्हणत नसत, ‘रंगाचं म्हणणं’ म्हणत. पांढऱ्याचं म्हणणं, सगळ्यांनी नियमाने राहा म्हणजे कोणालाच त्रास नाही. निळ्याचं म्हणणं, आधी समजून घ्या, हात नंतर लावा. काळ्याचं म्हणणं, माझं मी पाहीन, दुसऱ्याच्या भरवशावर बसणार नाही. लालचं म्हणणं, करायचं ते आत्ता. हिरव्याचं म्हणणं, घाई कायले, उगवायचं ते उगवतेच. फळ्यावर गोल काढून ते हे पाच रंग याच क्रमाने मांडत. शेजारच्या रंगांचं एकमेकांशी पटतं. समोरासमोरच्यांचं पटत नाही.

“शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी जमलं, त्यात काय कौतुक?” सर म्हणत. “समोरासमोरचे दोघं एका घरात नांदवून दाखवा.”

अशा विरुद्ध रंगांच्या जोड्यांना ते घराणी म्हणत. घराणी पाच, आणि खेळाचा सगळा जीव त्यांच्यात. निळा आणि लाल मिळून ‘भंगारातले जादूगार’. अक्कलही आहे आणि थांबायलाही तयार नाहीत. ते जुन्या मोटारपंपांपासून उडती जहाजं बनवतात आणि निम्म्या वेळा ती त्यांच्याच डोक्यावर पडतात. लाल आणि पांढरा मिळून ‘मशालवाल्या’, नियम टिकावा म्हणून राजवाड्याचा दरवाजा जाळणाऱ्या बाया. हिरवा आणि निळा मिळून ‘बियाणवाल्या पऱ्या’. धानाला आपोआप वाढूही देत नाहीत आणि मोडतही नाहीत, प्रत्येक लोंबीला प्रश्न विचारत बसतात. काळा आणि हिरवा मिळून ‘गाळातली माणसं’. तलावाच्या तळाशी राहतात, मेलेलं काहीही वाया जाऊ देत नाहीत, हरलेले पत्ते परत उचलून आणतात. आणि पांढरा आणि काळा मिळून ‘शिक्क्यांची भुतं’, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. प्रत्येक घराण्याच्या पत्त्यावर एका रंगाचं म्हणणं सरळ लिहिलेलं आणि दुसऱ्याचं उलटं. पत्ता कसाही धरा, कोणाचं तरी म्हणणं डोक्यावर उभं.

मी एकदा म्हटलं, “म्हणजे दोघं थोडं थोडं सोडतात आणि एकत्र येतात, असंच ना?”

“नाही!” सर केवढ्याने ओरडले. “एकानंही आपलं म्हणणं सोडलं तर ते घराणं नाही. ती तडजोड झाली. तडजोडीचा पत्ता माझ्याकडे नाही, हेडसर. दोघं आपापल्या हट्टावर कायम पाहिजेत, आणि काम मात्र एकच करून राहिले पाहिजेत.”

पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी ते पत्ते जप्त केले होते. मधल्या सुट्टीत हातपंपामागे आठवीची पोरं पत्ते खेळताना दिसली. पत्ते म्हणजे जुगार, एवढंच मला ठाऊक. गठ्ठा उचलला, टेबलाच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि सरांना बोलावलं.

“वाचले का?” त्यांनी विचारलं.

“पत्ते काय वाचायचे असतात?”

“मंग न वाचता जप्त कायले केले?”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दार लोटून खण उघडला. पहिलाच पत्ता शिक्क्यांच्या भुताचा निघाला. डोक्याच्या जागी गोल रबरी शिक्का, हातात फाइल, पायाखाली चेंगरलेली माणसं. आणि शिक्क्याखाली माझी मिशी. माझीच. पोराने पाहिली तरी ओळखली असती.

सर आले तसा मी पत्ता टेबलावर आपटला. “हे माझं चित्र आहे.”

“तुमचं नाही. पांढऱ्या-काळ्याचं आहे. मिशी तुमची आहे.”

“चुकलं तुमचं. साफ चुकलं.”

झालं. खुर्ची पुढे आली, चष्मा कपाळावर गेला. मग मला बोलावंच लागलं. मी म्हटलं, नियम आणि स्वतःचा मतलब एकत्र आले की माणसं चेंगरतातच, असं कोणी सांगितलं? आपला लिपिक पाहा. त्याला प्रत्येक जीआर पाठ आहे. आणि आपल्या शाळेची एका पोरीचीही शिष्यवृत्ती अडली तर तालुक्यात आपलं नाक जाईल, ही त्याला स्वतःच्या नाकाची काळजी. पोरींच्या कळवळ्याने करत नाही तो, तोऱ्यासाठी करतो. पण नुसता नियम असता तर त्याने फॉर्म परत पाठवला असता, आणि नुसता तोरा असता तर फॉर्म भरताच आला नसता. दोन्ही आहे म्हणून पोरींना पैसे मिळतात.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि तो पत्ता उचलून नेला. दुसऱ्या दिवशी तोच पत्ता माझ्या टेबलावर होता. भूत खोडलं नव्हतं. मिशीही तशीच होती. पण पायाखालच्या चेंगरलेल्या माणसांच्या आता पोरी झाल्या होत्या, त्यांच्या हातात कागद होते, आणि भुताच्या फाइलची एवढी मोठी छत्री झाली होती. ‘बरोबर आहे तुमचं’ असं ते काही म्हणाले नाहीत. ते त्यांच्या तोंडून कधी निघालंच नाही. पण माझ्या एका म्हणण्यामुळे त्या माणसाने आपलं चित्र बदललं, याचा जो आनंद मला झाला तसा मुख्याध्यापक झालो तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर मी खेळ ‘तपासायला’ म्हणून खेळू लागलो. तपासणी काही संपेना. मधली सुट्टी झाली की माझ्या कार्यालयाचं दार लोटलेलं, टेबलावर रजिस्टरं बाजूला सारलेली, समोर आठवीतलं कोणीतरी आणि कडेला सर उभे. मी अर्थात पांढरा घ्यायचो.

मला सगळ्यात जास्त हरवणारी होती करिश्मा. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, बारकी, आवाज खणखणीत. पहिल्यांदा सरांनी तिला काळे पत्ते दिले तेव्हा तिने ते बाकावर ठेवून दिले होते. मी दारात उभा होतो, मला आठवतं.

“मले सगळे काळीच म्हणतात. पत्ते बी काळेच कायले देता?”

वर्ग हसला. सरांनी वर्गाला दटावलं नाही आणि तिला समजावलंही नाही. विचारलं, “काळ्याचं म्हणणं काय?”

“माझं मी पाहीन.”

“तुह्या घरी असं कोन म्हणते?”

तिने विचार केला. “माय. बाबा गेल्यापासून एकटीच मासोळ्या विकते. कोनाले काही मांगत नाही.”

“मंग तुही माय काळी हाय का?”

“नाही. माय तं गोरी हाय.”

“मंग रंगाचा अन् चेहऱ्याचा काय संबंध?”

तिने पत्ते उचलले. गाळातल्या माणसांना घेऊन ती अशी खेळायची की मी हरलोय हे मलाच उशिरा कळायचं. आपण तिचे सैनिक मारत जावेत, मारल्याचा आनंद मानावा आणि पाहावं तर तेच तळातून वर येऊन आपल्या किल्ल्यात बसलेले. एकदा मी जिंकत आलो होतो. खरंच आलो होतो. चपराशी दारात येऊन घंटेसाठी माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याला हाताने ‘थांब’ केलं. माझ्या उभ्या नोकरीत प्रथमच घंटा अकरा मिनिटं उशिरा झाली. आणि हरलोच.

आता जे घडलं ते फक्त आमच्याकडेच घडू शकतं. आमच्या गावांत रंग रिकामा नसतो. कोणत्या मोहल्ल्यावर कोणता झेंडा हे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक. हे सरांच्या डोक्यातच आलं नाही. ज्या माणसाने तीन वर्षं रंगांचाच विचार केला, त्याच्या डोक्यात ही एवढी एक गोष्ट आली नाही. कोणीतरी पाचसहा पत्त्यांचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आणि दोन दिवसांत गाव पेटलं. एक मोहल्ला म्हणाला, हिरवा जिंकतो कसा आणि भगवा आहेच कुठे? दुसरा म्हणाला, आमच्या निळ्याला भंगारवाला काऊन केलं? तिसरा म्हणाला, हिरव्याला गाळात बसवलं, हा आमचा अपमान. एरवी ज्यांचं ग्रामसभेत सतरंजी कुठे टाकायची यावरही एकमत होत नाही, त्या तीन मोहल्ल्यांच्या तीन प्रमुखांनी एका कागदावर सह्या करून तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात तक्रार दिली. शाळेत पत्ते खेळवून जुगार शिकवतात आणि रंगांवरून पोरांमध्ये भांडणं लावतात. चित्रकला शिक्षकाला निलंबित करा. खाली एक ओळ होती: ‘मुख्याध्यापक अत्यंत शिस्तप्रिय असून त्यांना या प्रकाराची कल्पना नसावी.’

तक्रारीची प्रत आणि सोबत नोटीस माझ्याकडे आली. पत्ते कोणाच्या परवानगीने खेळले जातात याचा अहवाल तयार ठेवा, अधिकारी येऊन चौकशी करतील. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. निलंबन झालं असतं तर ते शाळेत परत आलेच नसते आणि पेन्शनचे कागद कुठल्या टेबलावर सडले असते ते देव जाणे.

मी त्यांना तक्रार वाचायला दिली. त्यांनी तीनही सह्या नीट पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हेडसर, हे तर घराणं झालं!”

“अहो, तुमची नोकरी चाललीय.”

“ते ठीक आहे. पण पाहा ना. तिघं आपापल्या हट्टावर कायम, आणि काम एकच करून राहिले. तीन रंगांचं घराणं! माझ्या कल्पनेतही नव्हतं आलं.” आणि त्यांनी खरोखर त्याच दुपारी तो पत्ता रंगवला. तीन डोकी, एक धड आणि हातात एकच अर्ज. मला त्या माणसाचा संताप आला आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की अशा माणसासोबत एका शाळेत आपण बारा वर्षं काढली, हे आपलं भाग्य.

जाताना ते दारात थांबले आणि साध्या आवाजात म्हणाले, “अहवालात लिहा, तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनीच लिहून दिलंय की. शाळा सांभाळायला तुम्ही राहिलं पाहिजे.”

“ते खोटं होईल.”

“खोटं कायले? पांढऱ्याचं म्हणणंच ते, कोणालाच त्रास नको.”

मी लिहिलं. लपवत नाही, लिहिलं. ‘सदर प्रकार माझ्या परोक्ष घडला असून…’ अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं. सही केली, पाकिटात घातलं आणि चौकशीच्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

साहेब सकाळी अकराला आले. कार्यालयात बाकावर तिन्ही तक्रारदार, कोपऱ्यात सर उभे, टेबलावर पत्त्यांचा ढीग. साहेबांनी कोणाला तरी बोलवा म्हटलं, खेळणाऱ्या पोरांपैकी. चपराशी करिश्माला घेऊन आला.

साहेबांनी एक पत्ता उचलला. “हा हिरवा रंग कोणाचा?”

तिला प्रश्नच कळला नाही. “डावात ज्याच्याकडे आला त्याचा.”

“आणि निळा?”

“तो बी तसाच.”

“तू कोणत्या रंगाची?”

“आज लाल हाय, साहेब. काल निळी होती. सर रोज बदलवून देतात. एकच रंग घेऊन बसलं तं घराणंच बनत नाही.”

साहेबांचं पेन थांबलं. बाकावरच्या तिघांनी एकमेकांकडे न पाहता खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, वाचलो. खिशातलं पाकीट तेवढं द्यायचं की संपलं.

“चांगली खेळतेस म्हणे,” साहेब तिला म्हणाले. “मोठ्यांपैकी कोणी खेळतं का तुमच्यासोबत? कोणाला हरवलंस आतापर्यंत?”

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान खाली घातली होती. तरी मला ते दिसलं.

“कोनालेच नाही, साहेब,” ती म्हणाली. “मी तं हारतेच.”

शाळेतली सगळ्यात चांगली खेळणारी पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली की मी हरते. माझं मी पाहीन, असं म्हणायला जिला शिकवलं होतं, ती माझं पाहत होती. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की मी खुर्चीतून उठलो.

“साहेब, ती खोटं बोलते आहे,” मी म्हणालो. “तिनं मला हरवलंय. सतरा वेळा. याच टेबलावर. परवानगी माझी होती. एकदा घंटा अकरा मिनिटं उशिरा झाली, तीही माझ्यामुळे.”

मग कोपऱ्यातून सरांचा आवाज आला.

“सतरा नाही, हेडसर. एकोणीस.”

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खोकले असं आम्ही सगळ्यांनी मानलं. मग त्यांनी करिश्माला वर्गात पाठवलं आणि बराच वेळ लिहीत बसले. ते गेल्यावर तक्रारदारांपैकी एकजण घुटमळत सरांकडे आला. आमच्यावरही पत्ता काढला म्हणे, दाखवा. सरांनी तीन डोक्यांचा पत्ता दाखवला. तिघांनी तो आळीपाळीने हातात घेतला आणि तिघंही एकच बोलले, की बाकीच्या दोघांचं हुबेहूब जमलं, माझं तेवढं चुकलं. चुकलं म्हटल्यावर सरांनी खुर्ची पुढे ओढली. ते तिघं दुपारी अडीचला उठले.

निकाल महिन्याने आला. रंगांच्या तक्रारीत तथ्य नाही. खेळायचं तर शाळा सुटल्यावर खेळा. सरांना तोंडी समज. ते शाळेतूनच निवृत्त झाले, निरोपाच्या भाषणात मी त्यांच्याबद्दल जे जे चांगलं बोललो ते त्यांनी उठून खोडून काढलं, आणि आता आमगावला लेकीकडे राहतात. तिथेही त्यांच्या ओसरीवर रविवारी पोरं जमतात. सहावा रंग असावा की नाही यावर आमचा फोनवर वाद चालू आहे. करिश्मा गोंदियाला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली की मला हरवून जाते.

तो कोटाच्या खिशातला अहवाल मी त्याच संध्याकाळी फाडला. तो लिहिला होता हे सरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “माहीत होतं. पाकिटाचा कोपरा दिसत होता.” आणि विषय बदलला. एवढ्या भांडखोर माणसाने त्या एका गोष्टीवरून माझ्याशी कधीच भांडण केलं नाही.

मला मात्र शेरा मिळाला. सेवापुस्तकात, लाल शाईत: ‘मुख्याध्यापक शालेय वेळेत विद्यार्थ्यांसमवेत पत्ते खेळत असल्याचे त्यांनी स्वतः कबूल केले.’ माझ्या निवृत्तीचे कागद तयार करताना आमचा लिपिक हळहळला. म्हणाला, हेडसर, एक अर्ज द्या, मी काढून आणतो हा शेरा, नियमात बसते. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून चाळून पाहिलं. रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढ, रजा, बदली, वेतनवाढ. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी काही लिहिलं असेल तर ती तेवढी एकच ओळ होती. मी त्याला म्हटलं, राहू दे, आणि त्या पानाची झेरॉक्स काढून दे.